दामाशेठ गाडी घेतात

आमच्या शेजारचे दामाशेठ कमोड घ्यायला गेले, तेव्हा दुकानात रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र वस्तूवर चक्क वर्तमानपत्र उघडून बसले. लेंगा वगैरे व्यवस्थित अंगावर होता, पण बाजारातून जाणाऱ्यायेणाऱ्यांना ते एकदम कळत नव्हतं. मी बाजूला उभा होतो. माझ्या कॉलेजातल्या दोन विद्यार्थिनी समोरून गेल्या आणि ओळख न दाखवता पुढे पळाल्या. दामाशेठनी अग्रलेख शांतपणे संपवला, उठले आणि दुकानदाराला म्हणाले, "पायाला मुंग्या येतान. दुसरा दाखव."

"बसून बगल्याशिवाय कलत नाय," हे दामाशेठचं तत्त्व. सोफा घेताना ते दुकानात घोरले होते. हा फ्लॅट घेताना रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून अख्खी दुपार बसले, तेव्हा बिल्डरच्या माणसाला वाटलं, उपोषण आहे. त्याने घाबरून वर फोन केला. जावई निवडतानासुद्धा मुलाला एक अक्षर विचारलं नाही. नुसते त्याच्या शेजारी बसून राहिले. मुलगा घामाघूम झाला. शेवटी दामाशेठ उठले आणि बायकोला म्हणाले, "चांगला हाय. हालत नाय."

दामाशेठ मूळचे पनवेलजवळच्या एका गावचे. शेतं गेली, शेतांवर इमारती आल्या, आणि त्या इमारतींना विटा-रेती पुरवून ते दामूचे दामाशेठ झाले. आता धंदा मुलगा नीलेश बघतो. मी कॉलेजात गणित शिकवतो म्हणून मला ते मास्तर म्हणतात आणि प्रत्येक खरेदीला बरोबर नेतात. कारण? "तुमाला इंग्लिश येतं." कमोडमध्ये इंग्लिश कुठे लागलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

तर त्यांची जुनी गाडी एकदाची थकली आणि नवीन गाडीचा विषय निघाला. दामाशेठच्या तोंडी गाडीची 'गारी' होते. दोन गाऱ्या नक्की झाल्या, एकाच शोरूममधल्या. एक बारकी, पाच जणांची. दुसरी मोठी, सात जणांची, आणि किमतीलाही तशीच दांडगी.

नीलेशला बारकी हवी होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठी गाडी वळवायची तर आधी खांब हलवावा लागेल, असं त्याचं म्हणणं.

"अरे, पन मानसं किती आपली?" दामाशेठ म्हणाले.

"सहा. तुम्ही, आई, आम्ही दोघं आणि पोरं. पोरं बसतील मांडीवर."

"सात लागतान."

"सातवं कोण?"

"येल कोनतरी," दामाशेठ म्हणाले आणि पंखा मोठा केला.

घरात महिनाभर हाच वाद. बापलेक दोघंही माझ्याकडे येऊन आपापली बाजू मांडून जायचे. मी दोघांनाही बरोबर आहे म्हणायचो. गणिताच्या माणसाला हे शोभत नाही, पण दोघांच्याही घरची भाकरी आणि सुकट मला सारखीच आवडते. आणि घर तर एकच.

अखेर एका रविवारी आम्ही हायवेवरच्या शोरूममध्ये पोचलो. दामाशेठ, वहिनी, नीलेश आणि इंग्लिशसाठी मी. श्रद्धा नावाची एक चुणचुणीत मुलगी गाड्या दाखवायला आली. तिने बटण दाबून मोठ्या गाडीचं छत उघडून दाखवलं.

"सर, यातून आकाश दिसतं."

"आकाश बगायला गारी कशाला?" दामाशेठ म्हणाले. "आनि छपराला भोक पारून वर पैसं घेता?"

मग बसणं सुरू झालं. बारक्या गाडीतल्या प्रत्येक सीटवर ते डोळे मिटून बसले. मागच्या सीटवर त्यांचा डोळा लागला, तेव्हा श्रद्धाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला हळू आवाजात गाडी दाखवली. त्यानंतर मोठी गाडी. तिच्यात ते थेट सगळ्यात मागच्या, तिसऱ्या रांगेत शिरले. मधली सीट दुमडून, पोट आवरून, मांजर पिंपात शिरावं तसे. मला पुढे बसवलं.

"मास्तर, बोला."

"काय बोलू?"

"कायपन. इथं ऐकू येतं का बगतो. माज्याबद्दल वाईट बोला, मानूस ते हलूच बोलतो."

मी इकडेतिकडे बघून पुटपुटलो, "दामाशेठ म्हणजे जरा विक्षिप्तच."

"ऐकला!" मागून आनंदाने आवाज आला. "पन विक्षिप्त म्हंजे काय?"

त्यांना बाहेर काढायला शोरूमची दोन माणसं लागली. तरी त्यांनी जाहीर केलं की तिथंच बसून गाडी चालवून बघणार. म्हणजे चालवणार नीलेश, ते बघणार.

नीलेश पुढे, शेजारी श्रद्धा, मधे मी आणि वहिनी, मागे दामाशेठ. पुलापर्यंत जाऊन परत यायचं, असं श्रद्धाने सांगितलं होतं. पुलाजवळ मागून हुकूम आला, "कोन गावाला घे."

"सर, आपला रूट तो नाही," श्रद्धा म्हणाली.

"ताई, गारी कोनला चालनार का नाय, ते बगायला नको?"

नीलेशने गाडी कोनच्या रस्त्याला वळवली. आरशातून त्याने आईकडे बघितलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "कोनला यांची बाय रायते. मोठी बहीन."

दामाशेठना बहीण आहे, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. वहिनींनी थोडक्यात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दामाशेठच्या लेकीचं लग्न झालं (परीक्षांमुळे मी गेलो नव्हतो), तेव्हा दारात गाड्याच गाड्या उभ्या होत्या. सगळे बसले. करवलीच्या हातातला दिवा घरातच राहिला म्हणून बाय तो आणायला आत गेली. ही गाडी म्हणाली बाय त्या गाडीत, ती गाडी म्हणाली या गाडीत. सगळ्या गाड्या निघाल्या. हॉलवर अक्षता वाटताना कळलं की मुलीची आत्याच नाही. दामाशेठ तसेच गाडी घेऊन परत धावले, पण बाय नऊवारीत, हातात दिवा घेऊन, रिक्षाने कोनला निघून गेली होती. तेव्हापासून बोलत नाही. भाऊबीजेला हे जातात, ती दार उघडत नाही.

"आई, ऐकू येतं मागं," नीलेश म्हणाला.

"येऊ दे," वहिनी म्हणाल्या.

बाय ओटीवर वाल सोलत बसली होती. गाडी अंगणात शिरली, तशी तिने कपाळावर हात धरून बघितलं. उंच, सडसडीत म्हातारी. आम्ही उतरलो आणि नीलेश पाया पडला.

"आत्या, नवी गाडी. बसून बघ ना."

"कोनाची?"

"अजून कोणाची नाही."

"तुजा बापूस कुठं हाय?"

"मागं बसलाय."

"तिथंच बसव," बाय म्हणाली आणि वाल सोलू लागली. "मला इसरायला येवरी मोठी गारी कशाला? तेवा गाऱ्या लहानच होत्या."

आता दामाशेठनी बाहेर येऊन काहीतरी बोलायला हवं होतं. ते निघालेही. पण श्रद्धाने मधली सीट दुमडायला दांडा ओढला आणि सीट अर्ध्यातच रुतली. दामाशेठ तिच्यात आणि छतात अडकले. डोकं पुढे, बाकी सगळं मागे. ते परत मागे सरकले, आणि गडबडीत मधलं दारही लागलं. तिसऱ्या रांगेची काच उघडत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्या बंद काचेमागे दामाशेठ हात जोडून काहीतरी बोलत होते, घाम पुसत होते, पुन्हा बोलत होते. बाहेर एक शब्द ऐकू येईना.

बायने वालाची परात बाजूला ठेवली.

"काय बोलतंय तो?"

"माफी मागतान," वहिनी म्हणाल्या.

"का वडा मागतोय? तोंड तर तसंच हालतंय." बाय काचेजवळ आली. आत दामाशेठ, बाहेर बाय. दोघांची नाकं सारखीच. दामाशेठनी काचेवर कपाळ टेकवलं, आणि पोराने आजारपणात करावं तसं तोंड केलं. बाय आधी गालात हसली, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि पदर खाली आला तेव्हा डोळे ओले होते.

"मेल्या, लगनात मला इसरलास, आता सवताच आत रायलास! काढा रे याला आदी. गुदमरंल."

सीट एकदाची सुटली आणि दामाशेठ बाहेर आले ते जवळजवळ पडलेच. काय बोलायचं ते सगळं आत बोलून झालं होतं. ते नुसते बायच्या शेजारी ओटीवर बसले आणि वाल सोलू लागले. सालं परातीत आणि वाल जमिनीवर टाकत होते, आणि बाय ते वाल एकेक करून उचलत होती.

चहा झाल्यावर बाय गाडीत बसायला तयार झाली. एक पाय वर टाकला, गुडघा कळवळला, पुन्हा खाली घेतला. श्रद्धा घाईने म्हणाली, "आजी, आम्ही पायरी लावून देऊ."

"घरात चढायला पायरी, देवलात चढायला पायरी, आता गारीतपन?" बाय म्हणाली.

दामाशेठ लगेच म्हणाले, "बारकी घे, नीलेश."

"पण बाबा, सातवं माणूस..."

"दोन खेपा मार. पेट्रोल मी भरतो."

महिनाभराचा वाद असा मिटला. पांढऱ्या रंगाची बारकी गाडी आली. खांबाला अजून लागलेली नाही.

थंडीत दामाशेठच्या लेकीचं शिरढोणला, तिच्या सासरी, डोहाळजेवण होतं. बाय आदल्या दिवशीच राहायला आली होती. मलाही आमंत्रण होतं. सकाळी पहिली खेप भरली. पुढे बाय ओटीचं सामान मांडीवर घेऊन, मागे वहिनी, सूनबाई आणि पोरं. दामाशेठनी बायच्या बाजूचं दार स्वतः लावलं, दोनदा ओढून बघितलं. गाडी फाटकाबाहेर गेली. दुसऱ्या खेपेला राहिलो आम्ही दोघं.

मी म्हणालो, इथंच खाली थांबू. पण ते म्हणाले, कुलूप बघून येऊ. कुलूप लावलेलंच होतं. ते त्यांनी उघडलं आणि आत गेले. आतल्या खोलीत डोकावले, देवघरापाशी थांबले, स्वयंपाकघरातला दिवा लावून कोपऱ्यात बघितलं.

"बाय?" त्यांनी हळूच हाक मारली. "कोन रायलंय का?"

"शेठ, बाय पुढं बसल्या. तुम्हीच दार लावलंत," मी म्हणालो.

"हा, लावला ना," ते म्हणाले, आणि बाल्कनीचं दार उघडून तिकडेही बघून आले.