कालव्यावरची घंटा

कुंडलिकतात्या कालव्याच्या वाटेवर मुद्दाम मधोमध चालायचे. सत्तरी ओलांडली तरी कान शाबूत होते, पायही सरळ पडत होते. पण कडेनं चाललं की रविवारचे सायकलवाले भुर्रकन निघून जात आणि मधोमध चाललं की त्यांना थांबावं लागे. थांबले की बोलावं लागे. "आजोबा, जरा बाजूला," एवढंच, पण बोलणं ते बोलणं. बायको मंगल जाऊन तीन वर्षं झाली होती. पुण्यातला मुलगा भिमा फोनवर "बरं हाय ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवायचा. आता भिंतींशी किती बोलणार माणूस!

एका रविवारी तात्यांना चुकवताना सायकलवाल्यांचा पुढारी इंद्रजित थेट घाणेरीच्या झुडपात घुसला. ओरबाडलेले हात जोडून बिचारा म्हणाला, "आजोबा, एक करा. तुम्ही डाव्या कडेनं चाला. आम्ही मागून घंटी वाजवत येऊ. ना तुम्हाला त्रास, ना आम्हाला."

तात्यांनी मान डोलावली आणि तिथंच घोळ झाला. पुढच्या रविवारी टिंग टिंग झालं, सायकली सर्रकन गेल्या आणि एकानंही तोंड उघडलं नाही. तात्यांचं "कुठनं आलात?" पाण्यात पडलं. त्या दिवशी त्यांना घर फारच मोठं वाटलं.

"कुणी घंटी वाजवली तर ओ द्याया नको व्हय?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. शेवटी धनगराचं डोकं! मेंढरं विकून वर्ष झालं होतं, पण कळपापुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा अजून खुंटीला होती. ती त्यांनी पुढल्या रविवारी कमरेला बांधली. सायकलवाल्यांनी घंटी वाजवली की आपण घंटा हलवायची. नवल वाटून तरी थांबतील की!

थांबले हो, सगळे थांबले. तात्या ठणठण करत निघाले, तशी उतारावर चरणारी गावातल्याच धोंडाबाईची साठ मेंढरं माना वर करून त्यांच्यामागं लागली. घंटेमागं जायचं, एवढंच त्यांना जन्मापासून ठाऊक. वाट गच्च भरली. मागं वीस सायकली घंट्या वाजवत उभ्या, त्या आवाजानं मेंढरं आणखीच पुढं रेटू लागली. समोरून येणाऱ्या प्रगती नावाच्या सायकलवालीनं करकचून ब्रेक दाबला आणि ती सायकलसकट कालव्यात बसली. पाणी कमरेएवढंच होतं, पण शिव्या त्याहून खोल होत्या. तिला वर ओढेपर्यंत धोंडाबाई काठी घेऊन धावत आली.

"तात्या, लाज हाय का? माझी मेंढरं पळवताय व्हय?"

"म्या कुठं पळवतोय? तीच येत्यात!"

"काडा ती घंटा! आना हिकडं!"

"आजोबा, द्या हो," इंद्रजितही काकुळतीला आला.

तात्यांनी घंटा सोडली. आता कुणी कशाला थांबतंय, या विचारानं त्यांना चारचौघांत रडू यायला लागलं. धोंडाबाई घंटा वाजवत पुढं निघाली. मेंढरं जागची हलली नाहीत. ती तात्यांकडं बघत होती.

"जावा गं बायांनो, तिच्यासंगं जावा," तात्या पुटपुटले, तर सगळी त्यांच्याच पायांशी आली. शेवटी तात्या पुढं, मेंढरं मागं, आणि हातात घंटा घेऊन धोंडाबाई सगळ्यांच्या मागं, अशी वरात तिच्या मेंढवाड्यापर्यंत गेली. सायकलवाले केव्हाच पसार झाले होते.

"घंटा माज्यापाशी, मंग ही तुमच्यामागं का?"

तात्या ओशाळले. "म्या रोज ह्याच वाटंनं चालताना बोलत असतो. मंगलला सांगत असतो, आज काय शिजवलं, गुडगा कसा हाय. ह्यांना वाटलं असंल, आपल्यालाच सांगतोय."

धोंडाबाईच्या घरातही चूल एकाच माणसासाठी पेटायची. तिनं काठी भिंतीला लावली आणि दगडावर बसली.

"बसा. म्या ऐकते. बोला काय बोलायचं ते."

तात्या बसले. घसा खाकरला. तीन वर्षांचं साठलेलं एकदम तोंडाशी आलं आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना. "जरा येळ द्या," ते म्हणाले.

"बरं, तवर म्याच सांगते," म्हणून धोंडाबाईनं जी सुरुवात केली, ती दुपार कलली तरी थांबली नाही. तात्यांना एक शब्दसुद्धा बोलायला मिळाला नाही. फार सुखात होते ते.