पुराव्याला हात लावू नये

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी आधीच सांगून टाकतो! चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर ब्रॅकेट तपासायचे आणि प्रत्येकाकडे संशयानं बघायचं, हेच माझं काम. ब्रॅकेटकडेही आणि ते बनवणाऱ्याकडेही! सवय इतकी अंगात भिनलीय की भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली, तरी मी जुडी सोडून आत बघतो. म्हणून नीला, म्हणजे माझी बायको, माझ्याबरोबर मंडईत येत नाही.

तर आमच्या कंपनीत दरवर्षी कायझनची स्पर्धा असते. रोजच्या कामात एखादी छोटी सुधारणा करायची, ती पडद्यावर सगळ्यांना दाखवायची, आणि पहिल्या नंबराला मोठ्या साहेबांच्या हस्ते ढाल! मला ती ढाल आजवर एकदाही मिळालेली नाही. मिळतं ते सहभागाचं प्रमाणपत्र. नीलानं ती सगळी कपाटात साड्यांखाली अंथरलीत. आणि ढाल कुणाला? आमच्याच लाइनवरच्या गणराजला! निघोज्याचा गडी, सदा हसतमुख. सदा हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

यंदा मात्र ढाल माझीच होती. ट्रेमधून बोल्ट सांडू नयेत म्हणून मी ट्रेला अशी काही कडा लावली होती, की... पण जाऊ द्या, तुम्हीही कुठल्या तरी कंपनीत असाल! त्याचं प्रेझेंटेशन मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर केलं नाही. कुणी चोरलं तर? मेल केलं नाही. कुणी वाचलं तर? मोबाइलमध्ये ठेवलं नाही. मोबाइलच गेला तर? ते एकाच ठिकाणी होतं, चिखलीतल्या आमच्या फ्लॅटमधल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. तो आम्ही श्रद्धा शाळेत असताना घेतला. श्रद्धा आमची मुलगी, आता हिंजवडीला नोकरीला जाते. यावरून त्याचं वय ओळखा.

शनिवारी संध्याकाळी गणराज घरी आला. कंपनीच्या सहलीचे फोटो पेनड्राइव्हमधून द्यायला आलोय, म्हणाला. फोटो दिले, पोहे खाल्ले आणि जाता जाता पडद्याकडे बघून म्हणाला, "साहेबराव, अपडेट मागतोय बगा. करून टाका की!"

मी करून टाकलं.

रविवारी सकाळी बटण दाबलं, तर काळा पडदा! त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच इंग्रजी ओळ, की योग्य डिव्हाइस निवडा आणि पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच ओळ! सोमवारी दुपारी स्पर्धा, आणि माझी ढाल त्या काळ्या पडद्यामागे अडकलेली! तेवढ्यात माझी नजर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला गेली. गणराजचा पेनड्राइव्ह अजून तिथेच लावलेला होता!

आता आमच्या कंपनीचा एक कडक नियम आहे. लाइनवर बिघाड झाला, की सगळं जागच्या जागी सोडायचं. क्वालिटीवाला येऊन बघेपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. इथे क्वालिटीवाला मीच! मी कपाटातून पिवळी-काळी टेप काढली आणि टेबलाभोवती गुंडाळली. पेनड्राइव्हवर लाल स्टिकर चिकटवला आणि त्यावर सही केली.

"अहो, माझ्या चष्म्याचं घर राहिलं आत!" नीला म्हणाली.

"तोही पुरावा आहे."

मग मी चौकशी सुरू केली. कंपनीत आम्ही बिघाडाच्या मुळाशी जाईपर्यंत 'का, का' असं विचारत राहतो. सुरुवात नीलापासून केली.

"कॉम्प्युटर सुरू का होत नाही?"

"बिघडला म्हणून."

"का बिघडला?"

"जुना झाला म्हणून."

"जुना का झाला?"

"तुम्ही नवीन घेत नाही म्हणून!"

चौकशी मी तिथेच थांबवली. बाई तपास भलतीकडे नेत होती.

तेवढ्यात श्रद्धा उठून आली. टेप बघून तिनं डोळे चोळले. "बाबा, आधी तो पेनड्राइव्ह काढा."

"खबरदार! पुरावा आहे तो!"

"अहो, पण तो लावलेला असला की कधी कधी..."

"तुला गणराजचा फोन आला होता का?"

ती परत झोपायला गेली.

शेवटी मी कादरभाईंना बोलावलं. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आमच्या कोपऱ्यावरच आहे. दारातच त्यांची बॅग उघडून तपासली. आत येताना किती पेचकस आहेत ते मोजून घेतले, म्हणजे जाताना घोळ नको! कादरभाईंनी टेपखालून वाकून कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आतून एक पट्टी काढली आणि ती चक्क खोडरबरनं घासायला लागले!

"हे काय चाललंय?" मी ओरडलो. "आत माझं प्रेझेंटेशन आहे! खोडलं गेलं तर?"

"साहेब, ही रॅम आहे. जुनी मशीन घासली की चालू होते कधी कधी. रबरनं प्रेझेंटेशन जात नाय."

"ते तुम्ही म्हणताय."

त्यांनी पट्टी परत बसवली आणि म्हणाले, "बरं, तो पेनड्राइव्ह तेवढा काढा. मग एकदा चालू करून बघतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! आधी श्रद्धा, आता कादरभाई. सगळ्यांना तो पेनड्राइव्हच काढायचाय! म्हणजे पुरावा नाहीसा करायच्या कटात गणराज एकटा नव्हता. माझ्याच घरात, माझ्याच मुलीपर्यंत त्याचे हात पोचले होते!

"कुणी पाठवलं तुम्हाला?" मी डोळे बारीक करून विचारलं.

"तुम्हीच फोन केला ना, साहेब!" कादरभाई पेचकस गोळा करायला लागले. "हात लावू द्यायचा नव्हता, तर बोलावलं कशाला? पोलिसांना बोलवायचं होतं."

एवढं बोलून ते निघून गेले. पोलिसांचंही माझ्या डोक्यात होतं. पण आधी मुख्य आरोपी! मी गणराजला फोन केला आणि अगदी गोड आवाजात चहाला बोलावलं. तोही लगेच आला, हसत हसत. मी त्याची खुर्ची खिडकीसमोर ठेवली होती, म्हणजे तोंडावर उजेड पडेल. दारात हाताची घडी घालून नीला आणि श्रद्धा उभ्या राहिल्या.

"शनिवारी संध्याकाळी तू कुठे होतास?"

"हितंच की! तुमच्याकडं पोहे खात हुतो."

"यंदा तुझं कायझन काय?"

"न्हाई वो, यंदा कायबी न्हाई. डोकंच चालंना बगा. उद्या सकाळपतुर नाव द्यायचंय, अन् विषयच सुचंना."

"म्हणून माझ्या कॉम्प्युटरमध्ये हात घातलास! माझं प्रेझेंटेशन कुठंय?"

"आवो, मला काय म्हाईत? मी माझा पेनड्राइव्ह न्यायला आलोय. आमच्या पोरीचं, नेहाचं शाळंचं काम हाय त्यात." असं म्हणून तो उठला, टेपखालून वाकला आणि माझी सही टराटरा फाडून त्यानं पेनड्राइव्ह उपसला!

"पुरावा!" मी किंचाळलो.

त्याच क्षणी श्रद्धानं हात लांबवून बटण दाबलं. आणि काय सांगू, कॉम्प्युटर सुरू झाला! पडद्यावर आमचा महाबळेश्वरचा फोटो आला. प्रेझेंटेशन जागच्या जागी होतं, शेवटच्या बोल्टपर्यंत! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"बाबा," श्रद्धा म्हणाली, "अपडेट झालं की तो बंद होऊन परत सुरू होतो. सुरू होताना आधी पेनड्राइव्हमध्ये शोधत बसतो. तिथे त्याला सुरू व्हायला लागतं ते काहीच नाही, म्हणून अडला. सकाळपासून हेच सांगतेय!"

"मग नीट समजावून सांगायचं ना!"

गणराज मात्र आता हसत नव्हता. तो टेपकडे बघत होता, फाटलेल्या स्टिकरकडे बघत होता. "साहेबराव," तो हळूच म्हणाला, "आपल्या लाइनवरबी आसंच हुतंय न्हाई? रातपाळीवाला पेनड्राइव्ह इसरून जातो, अन् सकाळी कॉम्प्युटर चालू होईना म्हून नुसती बोंबाबोंब."

"होतं की! नेहमीच होतं!" मी आनंदात होतो. आग्रह करकरून त्याला आणखी एक कप चहा पाजला. आपण एका सज्जन माणसावर उगाच संशय घेतला, असंही मला वाटून गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

सोमवारी दुपारी हॉल भरला. माझा ट्रे पडद्यावर आला आणि गेला. टाळ्या वाजल्या, बेताच्या. मग नाव पुकारलं, गणराज! पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'समस्या' असं आलं, आणि खाली फोटो. आमच्या घरातला! टेबलाभोवती पिवळी-काळी टेप, पेनड्राइव्हवर लाल स्टिकर, आणि शेजारी बोट उगारून उभा असलेला मी! हा फोटो त्यानं कधी काढला, देव जाणे. हॉल खो खो हसत होता. मोठे साहेब तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

मग आला 'उपाय'. लाइनवरच्या प्रत्येक पेनड्राइव्हला लांब लाल नाडी, आणि नाडीच्या दुसऱ्या टोकाला ज्याची त्याची लॉकरची किल्ली. पेनड्राइव्ह काढल्याशिवाय लॉकर उघडणार नाही, डबा मिळणार नाही, घरी जाता येणार नाही! साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ज्यानं माझं कायझन चोरलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याला मीच घरी बोलावून, चहा पाजून, एक नवंकोरं कायझन हातात दिलं होतं!

गणराज मनाचा मोठा. शेवटच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'टीम लीडर: गणराज. टीम मेंबर: साहेबराव.' मला हाताला धरून स्टेजवर ओढलं आणि ढालीचा एक कोपरा माझ्या हातात दिला. फोटोही निघाला. इतक्या वर्षांनी ढालीला हात लागला होता, खोटं कशाला बोलू, सोडवत नव्हती!

घरी आलो तेव्हा नीला कणीक मळत होती. मी दारातूनच छाती फुगवून सांगितलं, "पहिला नंबर आला!"

तिनं हात थांबवले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, "कुणाचा?"