कमरेतून विकास

देशाची प्रगती त्याच्या रेल्वेवरून कळते, आणि रेल्वेची प्रगती तिच्या अभ्यासदौऱ्यांवरून.

चिंचपोकळीला रुळांवरचा आमचा पादचारी पूल दुरुस्तीसाठी बंद झाला (दुरुस्ती कुणी पाहिलेली नाही, पण आहे म्हणतात), तेव्हा रेल्वेच्या यशोधनसाहेबांची समिती जपानला जाऊन तिथल्या एका उपनगरी लाइनीचा विकास अभ्यासून आली. तिथे म्हणे कंपनीने आधी शेतांतून रूळ टाकले, मग रुळांकाठी घरं बांधली, मग शेवटच्या स्टेशनावर मोठं दुकान थाटलं, आणि फाटकांपाशी रस्ते अडायला लागले तेव्हा सगळी लाइनच खांबांवर उचलली. आपल्याकडे टॉवर झालेत, मॉलही झालेत. म्हणजे विकास आटोपल्यातच जमा, राहिली ती किरकोळ रेल्वे.

एक गोष्ट मात्र समितीच्या काळजाला भिडली. तिथे गाडीला जरा उशीर झाला तरी अधिकारी कमरेत वाकून माफी मागतात. याला ना जागा लागते, ना टेंडर, ना सिमेंट. अंमलबजावणी लगेच सुरू झाली.

रोज सकाळी बंद पुलाच्या पायथ्याशी यशोधनसाहेब वाकू लागले. आणि काय वाकतात हो! (साहेबांना कमरेचा त्रास आहे, हे ध्यानात घ्या.) लोक भारावले. कुणी हार घातला, व्हिडिओ तर घरोघर गेला. तक्रारी निम्म्यावर आल्या. उरलेल्या निम्म्या एकट्या कालिंदीताई परबांच्या.

कालिंदीताई वरळीला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतात. पूल बंद, म्हणून करी रोडवरून वळसा. गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे रोज उशीर. आणखी एकदा उशीर झाला तर नोकरी गेली समजा, असं मॅनेजरने बजावलेलं. एका सकाळी बाईंचा तोल सुटला.

"साहेबानु, वाकतास कित्याक? पूल उघडा मरे!"

"गप गो!" चाळीतले अप्पा खवळले. "एवढो मोठो माणूस वाकता हा, आणि तुका पूल सुचता?"

या भांडणात बस चुकली. कँटीनच्या मॅनेजरनेही तो व्हिडिओ पाहिला होता. दारातच तो बाईंसमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, "माफ करा ताई, उद्यापासून येऊ नका."

जपानी शिस्त रेल्वेबाहेरही रुजली, अशी समितीने अभिमानाने नोंद केली. बाई घरी बसल्या, तक्रारी शून्यावर आल्या.

आत्ता 'अरेरे' म्हणालात ना? अगदी मनापासून म्हणालात, शंकाच नाही. झालं तर मग! साहेबांनीही बाईंसाठी एवढंच केलं होतं. तुम्हाला तर त्यासाठी जपानलाही जावं लागलं नाही.