दामूकाकांच्या गळ्यातला पट्टा

लग्नाच्या पंगतीला दामूकाका गळ्यात रबरी पट्टा घालून बसले होते. इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध आणि उपरण्याच्या जागी तो काळा, झिजून तुटलेला पट्टा. जेवण अर्ध्यावर टाकून ते मांडवामागे गेले आणि जनरेटरच्या पट्ट्याशी आपला ताडून पाहू लागले. नवरीच्या बापाने त्यांना हाताला धरून परत आणलं.

उमरोळीत ते माझे सख्खे शेजारी. त्यांच्याकडे एक छोटा ट्रॅक्टर आहे, मुळात बंगल्याभोवतीचं गवत कापायला बनवलेला. मासवणच्या एका फार्महाऊसवाल्याने भंगारात काढला, तो काकांनी घरी आणला. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा त्याचा पट्टा तुटला आणि तसा दुसरा मिळेना, नंबर तर कधीच पुसून गेलेला. ट्रॅक्टर बंद, म्हणून त्याच्यामागच्या ट्रॉलीत बसून रोज चिकूच्या वाडीत फेरी मारणाऱ्या मालतीकाकूही बंद. त्यांचे गुडघे गेलेत. ओट्यावर बसून त्या दिसेल त्याला फैलावर घ्यायच्या.

मुलगा फोनवर म्हणाला, ''बाबा, नवीन मोठा घ्या.''

''न त्यात चढवायला तुझ्या आयला शिडी लावू?'' काकांनी फोनच ठेवला.

मग वणवण सुरू झाली. स्कूटर माझी, मागे काका. मासवणला त्यांनी चालू भातगिरणी थांबवायला लावली. सातपाटीला बोटीच्या इंजिनाचा पट्टा बघायला गेलो, तर एक मासळीवाली पट्ट्याकडे बोट दाखवून ओरडली, ''काका, गळ्यातली वाम मासळी कितीला दिली?''

''विकायची नाय,'' काका गंभीरपणे म्हणाले. ''जोडीला दुसरी हाय का बघ.''

''मापात चूक नाय'' हे त्यांचं पालुपद. जुन्या पट्ट्याला टेप लावायची, तंतोतंत तेवढाच नवा आणायचा, आणि तो दर वेळी ढिला पडून घसरायचा. बोईसरचा दुकानदार एकदा म्हणाला, ''चाचा, पुराना बेल्ट खिंच के लंबा हो जाता है. थोड़ा छोटा ले जाओ.'' काका असे भडकले, जणू कोणी त्यांच्या खानदानावर घसरलं होतं.

''माझा पट्टा खोटं बोलतो काय?''

शेवटी काकूच ओट्यावरून कडाडल्या. ''अवो, जुनं पोलकं सैल झालेलं असतं! त्याच्यावरून नवं शिवतात का? माप अंगावरनं घ्या!'' आणि त्यांनी परकराची एक नवी नाडी भिरकावली.

काकांनी निमूटपणे ती नाडी ट्रॅक्टरच्या पुल्यांभोवती ताणून गुंडाळली. माप जुन्या पट्ट्यापेक्षा चांगलं चार बोटं कमी भरलं. ''मापात चूक नाय ना?'' मी विचारलं, तर त्यांनी नाडीला त्या मापावर गाठ मारली. बोईसरला जाऊन त्यांनी नाडी काउंटरवर ठेवली आणि दुकानदाराने हसू दाबत तेवढा पट्टा काढून दिला.

बसला! ट्रॅक्टर फटफटला, तशी काकांनी ट्रॉलीत गोधडी अंथरून काकूंना हलकेच बसवलं. माणूस चालेल त्या वेगाने निघाले. मीही मागोमाग गेलो.

वाडीची दैना झाली होती. गवत गुडघ्यापर्यंत, चिकू पडून सडलेले. काकूंचा तोंडाचा पट्टा सुरूच होता, ''ह्याला पाणी नाय? त्याच्या फांद्या कोण छाटणार?'' काका ''होय, होय'' म्हणत होते.

मला राहवलं नाही. ट्रॅक्टर थांबवून काका एक फांदी बाजूला करायला उतरले, तेव्हा मी म्हणालो, ''काका, तुम्ही तरी चालत यायचं होतं की वाडीत!''

त्यांनी काकूंकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

''आलतो रे एकदा. पार शेवटच्या रांगेपातूर गेलो. बोलायला कोण नाय, नुसती झाडं. मला भ्या वाटलं, ही नसल्यावर असंच व्हायचं. तिच्या अगोदर आपणच गेलेलं बरं, असं वाटलं न परत फिरलो.''

इतके दिवस स्कूटरवर मागे बसलेल्या या माणसाच्या मनात काय होतं, ते मला आत्ता कळत होतं.

''थांबलात कशाला?'' मागून काकू ओरडल्या. ''अजून निम्मी वाडी बघायचीय!''

''आलो, आलो,'' म्हणत दामूकाका घाईघाईने सीटवर चढले.