आठल्ये काकांचा नकार

आमच्या कॉलेजात देहदान केलेल्या माणसाला रोज सकाळी जागं करून त्याची संमती नव्याने घ्यावी लागते. संमती एकदा घेऊन भागत नाही, ती चालू असावी लागते, असा नीती समितीचा ठराव आहे. हे काम जैवनीतिशास्त्राच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाकडे असतं. दुसऱ्या वर्षाला मी एकटीच उरले आहे. बाकीचे शहाणे होते, वेळेत सटकले.

माझ्याकडे आठल्ये काका होते. हयातीत एसटी डेपोत कंट्रोलर. मी चादर बाजूला करायची, ते डोळे उघडायचे. मग मी माहिती वाचायची: डॉक्टरकीची मुलं आज कोणता भाग उघडणार, कशासाठी, आणि नकार दिल्यास आपलं काहीही नुकसान होणार नाही. त्यावर काकांनी ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, म्हणजे त्यांना समजलं असं धरतात.

"आज गुडघा. पोरं शिकतील. करा काय ते," काका म्हणायचे. वर विचारायचे, "तू चहा घेतलास का गं?"

घेतलेला नसायचा.

माझा प्रबंध याच संमतीवर होता. काका सत्र संपेपर्यंत टिकले तर पदवी, नाहीतर वर्ष पाण्यात. मुदतवाढ घेऊन घेऊन मी इतकी विटले होते की घरच्यांनीसुद्धा विचारणं सोडून दिलं होतं.

एका सकाळी काका म्हणाले, "ते शेवटचं परत वाच."

मी वाचलं.

"नकार दिला तर खरंच काही होत नाही?"

"नाही, काका."

"कारण द्यावं लागतं?"

"नाही."

"मग नको. आजही नको आणि उद्याही नको."

हातापाया पडावंसं वाटलं, पण आर्जव हासुद्धा दबावच, असं मीच पहिल्या प्रकरणात लिहून बसले होते. नियमाप्रमाणे काकूंना बोलावून घेतलं.

"अहो, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. नको म्हटलं."

काकू स्टुलावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मला म्हणाल्या, "उभा जन्म यांनी दुसऱ्यांच्या दिवाळीच्या ड्युट्या केल्या गं. कुणाला नाही म्हणून म्हटलं नाही. देहदानसुद्धा शेजारच्यांनी आग्रह केला म्हणून." मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाल्या, "जमलं ना एकदाचं? चला घरी."

काकांचा उजवा हात मुलांनी आधीच सोडवला होता, तो वेगळ्या पिशवीत दिला. रिक्षावाल्याने जरा कुरकुर केली, पण नेलं.

माझ्या मार्गदर्शक मिराशी मॅडम रिकाम्या टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या. "परीक्षा तोंडावर आली आहे. मुलांचं नुकसान, तुझ्या प्रबंधाचंही नुकसान. बरं, तू आहेसच."

"मॅडम, मी जिवंत आहे."

"देह मृत असावा अशी अट ठरावात नाही. मी बघितलं."

"आणि माझी संमती?"

"अगं, तू कधी नाही म्हणाली आहेस का?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. त्यांचे पेपर तपासले होते, परिसंवादाच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्या लेकीचा शाळेचा प्रकल्पसुद्धा केला होता. नाही म्हटल्याचं काही आठवेना. आणि खरं सांगायचं तर पाय इतके दुखत होते की आडवं व्हायला मिळणार याचंच बरं वाटलं. मी चष्मा काढून मॅडमच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बाजूला झाली. पहिल्या वर्षाची ऋजुता होती. केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं. तिने सगळी माहिती नीट वाचली, एक ओळ गाळली नाही. आज खांदा उघडणार होते.

"नकार दिल्यास आपलं काहीही नुकसान होणार नाही," ती शेवटी म्हणाली. "चालेल का, ताई?"

एमएला आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"चालेल की," मी म्हटलं. "तू चहा घेतलास का गं?"