घरातल्यांना कसलं लायसन

लायसनचा प्रश्न मी आठ दिवसांत निकालात काढतो, असं मी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं. माझा आवाजही त्या दिवशी चांगला खणखणीत लागला होता. मार्च महिना सोडला तर एरवी तो बरा लागतो. मार्चमध्ये माझं कंत्राट नवं करतात, त्यामुळे तेवढा महिना मी मालकांच्या कुत्र्यालाही अहोजाहो करतो.

आधी परिस्थिती सांगतो. अंबडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. कांदा निवडायची यंत्रं आणि विंचूरकडच्या वायनरींना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या आम्ही बनवतो. त्यांची ड्रॉइंग ज्या सॉफ्टवेअरवर होतात, त्याची आमच्याकडे दहा लायसन आहेत आणि डिझायनर आहेत अठरा. म्हणजे सॉफ्टवेअर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आहे, पण एका वेळी चालणार दहा जणांकडेच. अकराव्याने उघडलं की 'जागा शिल्लक नाही' असा निरोप येतो. मग कोणीतरी बंद करील तेव्हा याचा नंबर. सर्व्हरवर हा हिशोब राखणारा एक प्रोग्राम असतो, आणि त्या प्रोग्रामला राखणारा मी, किशोर, सिस्टीम अॅडमिन, कंत्राटी.

कागदावर व्यवस्था चोख होती. पण आपण पडलो एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं. आमच्याकडे सकाळी येणारा माणूस पंखा नंतर लावायचा, आधी सॉफ्टवेअर उघडायचा. काम असो वा नसो, जागा धरली की तो निवांत चहाला जायचा. आमचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन झुंबरअप्पा या कलेतले उस्ताद. ते सकाळी एक रेघ मारत. ती रेघ संध्याकाळपर्यंत तशीच एकटी पडून असे, आणि अप्पा कळवणला असलेल्या भावाशी फोनवर डाळिंबाच्या फवारणीबद्दल बोलत. ज्यांना खरंच काम असे ते मात्र ताटकळत. स्नेहल विंचूरच्या टाकीचं तातडीचं ड्रॉइंग घेऊन अप्पांच्या खुर्चीमागे उभी राहायची.

"अप्पा, अर्धा तास बंद करता का?"

"बंद केलं अन् परत नाय मिळालं म्हंजे?"

"माझं झालं की देते ना तुम्हाला."

"तू देशील गं बाई. पण मधीच हर्षाली घुसली तर?"

हर्षाली शेजारच्याच टेबलावर असायची आणि ती काही 'मी नाही घुसणार' असं म्हणत नसे.

हळूहळू प्रकरण तालुक्यांवर गेलं. चांदवडवाले उठताना फक्त चांदवडवाल्याला जागा देऊ लागले. कळवणवाल्यांनी मग लघवीला जातानाही आपापसात पाळी लावली. नाशिक शहरातली मुलं या दोघांच्या मध्ये उपाशी राहिली. डबे वेगळे झाले, एकमेकांच्या लोणच्यावर बहिष्कार पडला. शेवटी अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रंगनाथ अण्णा म्हणजे आमचे मालक. मूळचे चांदवडचे, एका वेल्डिंग मशीनवर कारखाना उभा केलेला माणूस.

"किशोर, नवीन लायसन मी घेणार नाय. हायेत तेवढ्यात भागव. ही भांडणं मिटली, तर यंदा मार्चला तुला कायम करतो. शब्द हे माझा."

कायम! तुम्ही कायम असाल तर तुम्हाला या शब्दाची चव कळणार नाही. माझी बायको तृप्ती माझी ओळख करून देताना 'हे कंपनीत असतात' एवढंच म्हणते आणि समोरचा पुढचं काही विचारायच्या आत विषय बदलते. ती माझी लाज झाकत असते, आणि नेमकं तेच मला दर वेळी लागतं.

तर मी नियम लावला. माऊस वीस मिनिटं हलला नाही की सॉफ्टवेअर आपोआप बंद, जागा दुसऱ्याला. पहिल्याच दिवशी अप्पांची रेघ गेली. एकुलती एक रेघ, पण अप्पांनी तिचं सुतक पाळलं. दुपारचा चहा घेतला नाही, माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवस माझी कॉलर ताठ होती.

तिसऱ्या दिवसापासून कोणाचंच सॉफ्टवेअर बंद पडेना. जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये जाऊन बघतो तर खुर्च्या रिकाम्या, आणि दहाच्या दहा स्क्रीनवर बाण आपले आपण थरथरताहेत. मी जरा घाबरलोच. जवळ जाऊन एक माऊस उचलला, तर त्याच्याखाली मनगटी घड्याळ. दुसरा उचलला, त्याच्याखालीही घड्याळ. सेकंदकाटा फिरला की खालून माऊसला वाटतं आपणच हललो. ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं त्यांनी घरातून जुनी शोधून आणली होती, आणि एकाने तर लग्नातलं सोनेरी घड्याळ या कामाला लावलं होतं. ही अक्कल कोणाची, हे विचारायची गरज नव्हती.

"अप्पा, हे काय आहे?"

"तूच म्हणला ना, माऊस हलत राहिला पायजे. मग हलतोय की. हातानंच हलवायचा, असं कुठं सांगितलं व्हतं?"

असा माणूस सरकारने सीमेवर न्यायला हवा. आमच्याकडे तो दहातली एक जागा अडवून बसला होता.

मग मी सॉफ्टवेअर विकणाऱ्या डीलरला फोन केला. कॉलेज रोडला त्यांचं चकचकीत ऑफिस आहे. निकिता नावाची मुलगी बोलली. इतक्या गोड आवाजात माझ्याशी त्या आठवड्यात कोणीच बोललं नव्हतं.

"सर, याच्यासाठी आमचं एक टूल आहे. कोण खरंच ड्रॉइंग करतंय, कोण नुसतं धरून बसलंय, तुमच्या नेटवर्कवर किती कॉपी चालू आहेत, सगळं एका स्क्रीनवर दिसतं."

"केवढ्याला पडेल?"

"फ्री आहे सर."

मी तसाच अण्णांकडे गेलो. अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला, "फुकट हे?" मी हो म्हणालो. "मग इचारतो काय? लाव." जो माणूस विकायला बसलाय तो फुकट का देतोय, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. फुकटची वस्तू उलटून बघायची आपल्याकडे पद्धतच नाही. टूल बसवताना त्याने इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं. इंग्रजीत लांबलचक विचारल्यावर सगळे जे करतात तेच मी केलं. शेवटपर्यंत खाली गेलो आणि 'मान्य आहे' दाबलं.

आणि खरंच जादू झाली. ड्रॉइंगमध्ये काही भर पडली नाही की टूल माणसाला सरळ उठवायचं, मग खाली घड्याळ ठेवा नाहीतर घंटा ठेवा. आठवडाभरात भांडणं मिटली. स्नेहलची टाकी वेळेवर विंचूरला पोचली. तालुके पुन्हा एका डब्यात जेवू लागले. झुंबरअप्पांना नाइलाजाने काम करावं लागलं, आणि कामाला लागल्यापासून डोकं दुखतं अशी तक्रार ते रोज करू लागले. अण्णांनी येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारली. मी तृप्तीला म्हणालो, "मार्चला बघ." त्या दिवशी तिने न सांगता शिरा केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या स्क्रीनवर लाल ओळी दिसायला लागल्या. चालू कॉपी चौदा! दहा लायसन आणि चौदा कॉपी, म्हणजे चार चोरीच्या. मी तडक अप्पांकडे गेलो आणि सगळ्यांसमोर त्यांना बोललो. अप्पांनी चष्मा काढला.

"किशोर, मी जागा धरतो. चोरी नाय करत. हा फरक तुला कळत नसंल तर तुझं शिक्षण वाया गेलं."

ते खरं होतं. शोध घेतला तेव्हा चार कॉपींपैकी दोन निघाल्या हर्षलदादांच्या केबिनमध्ये आणि दोन निघाल्या बंगल्यावर. हर्षलदादा म्हणजे अण्णांचे चिरंजीव. बंगला कारखान्याला लागूनच आहे, आणि वीज, पाणी, इंटरनेट सगळं तिकडे कारखान्याचंच जातं. तिथे सायलीवहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, घरबसल्या लोकांच्या फ्लॅटचं इंटिरियर करतात. दादांनी पुण्याहून पेनड्राइव्हवर कुलूप तोडलेली कॉपी आणली होती आणि घरभर वाटली होती, साखरपुड्याची साखर वाटावी तशी.

मी अण्णांकडे गेलो.

"अण्णा, चार कॉपी लायसन नसताना चालू आहेत. दादांकडे आणि बंगल्यावर."

"मग?"

"त्यांना लायसन नाही."

"आरं, घरातल्यांना कसलं लायसन? आपल्याच हाटेलात आपलं पोरगं बिल देतं का?"

हॉटेल आपलं नाही, असं मी म्हणणार होतो. पण मार्च तोंडावर आला होता.

"आन् ते लाल-लाल दिसतंय ना, ते काढ. पाव्हणे येतात केबिनला. बरं दिसत नाय."

मी ओळींचा रंग हिरवा केला. दिसायला खरंच छान दिसत होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. माझ्या स्क्रीनवर जे दिसत होतं ते सगळं रोज निकिताच्या ऑफिसातही दिसत होतं, आणि तिथे कोणी रंग बदलला नव्हता. ते लांबलचक इंग्रजी याचबद्दल होतं. मी फोन केला तेव्हा निकिता तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही अॅग्री केलं होतं."

केबिनमध्ये बैठक बसली. अण्णा, हर्षलदादा, आमचे वकील आणि दाराजवळ मी. दादा मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते.

"यांनी विचारलंय की सॉफ्टवेअरला जबाबदार अधिकारी कोण," वकील म्हणाले. "कोणाचं तरी नाव द्यावं लागेल. आणि तो नोकरीत कायम असलेला हवा. कंत्राटी माणसाचं नाव दिलं तर अंगाशी येईल."

मग अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेने त्यांनी माझ्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"किशोर, मी तुला शब्द दिला व्हता ना?"

तासाभरात पत्र तयार झालं. विभागप्रमुख! कायम! मग मी पुढचं वाचलं.

"अण्णा, नेमणुकीची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे."

"आरं, तुझीच शिनियारिटी वाढली ना."

"आणि ही ओळ? सर्व कॉम्प्युटरवरील सॉफ्टवेअरची संपूर्ण जबाबदारी..."

"ती प्रत्येक पत्रात असतेच," वकील म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मी सही नाही केली तर?"

"तर मग कंत्राटाचं बघावं लागंल," अण्णा म्हणाले. आवाजात जराही राग नव्हता. "मार्च हे."

ज्या पोराने चोरी केली ते समोर बसून मोबाइलवर काहीतरी बघून हसत होतं. मला वाटलं, पत्राचे तुकडे करावेत आणि त्याच्या डोक्यावर अक्षतांसारखे टाकावेत. आतून नुसता जाळ उठला होता. तो तसाच ठेवून मी सही केली. दादांनी उठून माझं अभिनंदन केलं.

घरी गेल्यावर तृप्तीने पत्र एकदा वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. ती ओळ तिने वाचली असणार, पण आनंदात माणूस मोठी अक्षरं तेवढी वाचतो. संध्याकाळी तिने अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. प्रत्येक दारात पुढचा प्रश्न येईपर्यंत ती मुद्दाम थांबत होती. मी तिला काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

रात्री जेवायला बसलो तेवढ्यात चांदवडहून सासऱ्यांचा फोन आला. बातमी त्यांच्या गल्लीत पोचली होती.

"जावईबापू, आता तुम्हाला कोणी काढू शकत नाय ना?"

तृप्ती माझ्याकडे बघत होती.

"नाही मामा," मी म्हणालो. "केस मिटेपर्यंत तर नाहीच."