सासूबाईंची रंगीत तालीम

"मरेन, पण त्या दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही!" शिंप्याच्या बायकोने नवव्या महिन्यात जाहीर केलं. पहिल्या बाळंतपणात तिला फार रक्तस्राव झाला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी या खेपेला घरी बाळंतपणाचं नावही काढू नका असं बजावलं होतं. पण तिच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. त्या वेळी सासूबाईंना दारातच अडवलं होतं आणि आत सिस्टर "ओरडू नकोस" म्हणून तिच्यावरच ओरडत होत्या.

"अहो, दुखण्याला मी भीत नाही. तिथे मी एकटी पडते!"

शिंपी मापाचा पक्का. सिस्टर अजून तशाच आहेत का, हे बघायला त्याने रंगीत तालीम ठरवली. सासूबाईंनी बाळंतीण व्हायचं, सुनेने बाहेरच्या व्हरांड्यातून बघायचं. बायकोचं माप घेऊन, चिंध्या भरून त्याने हुबेहूब पोट शिवलं.

"मला नऊ महिने लागले होते रे, तू एका दुपारीत उरकलंस," असं म्हणत सासूबाई पोट बांधून रिक्षात चढल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या त्या "आई गं, मेले गं" करत अशा जोशात चढल्या की सिस्टर धावतच आल्या. त्यांनी हाताला धरून खाटेवर झोपवलं, पोटावर हात ठेवला, आणि गाठ सुटून सगळ्या चिंध्या जमिनीवर.

"साठीत चेष्टा सुचतेय?" सिस्टर कडाडल्या. तरी सवयीने त्यांनी बीपी मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आजी, पोट खोटं आहे, पण बीपी खरं आहे. दोनशे! आता खाटेवरून हलायचं नाही."

हे ऐकून व्हरांड्यातली सून घाबरून उठली आणि तिला कळ आली. खरीखुरी.

"अगं, अजून आठ दिवस आहेत!" शिंपी म्हणाला.

"ते बाळाला सांगा!"

खोलीत खाटा दोनच. सिस्टरांनी सुनेला दुसरीवर घेतलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "नातेवाईक बाहेर!" शिंपी निमूट गेला. सासूबाई ढिम्म.

"आजी, तुम्हालाही सांगितलं."

"मी कुठली नातेवाईक? मी पेशंट. हलायचं नाही, तुम्हीच म्हणालात."

सासूबाईंनी पडल्यापडल्याच सुनेचा हात घट्ट धरला. "ओरड गं बाई, पोटभर ओरड. मी आहे."

सून अशी ओरडली की बाहेर शिंप्याने दोन्ही कान झाकले. तासाभरात मुलगी झाली. या वेळीही रक्त जाऊ लागलं, पण सिस्टरांनी झटपट इंजेक्शन देऊन ते थांबवलं. सुनेने दुसऱ्या हाताने सिस्टरांचा हात धरला आणि तिला रडू आवरेना. सिस्टरांनीही तो हात सोडवून घेतला नाही.

आठवड्याने सिस्टर स्वतः घरी आल्या. "आजी, बीपी काय म्हणतंय?"

"एकदम झकास! गोळ्यांनी उतरलं."

"अरे देवा!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "मग तुम्हाला पेशंट म्हणून आत घेऊ कशी? उद्या दोघी बाळंतपणाला येतायत. आत ती आजी असेल तरच येऊ म्हणतात."